वेणूआत्याचा डोळा

चौदा दिवस फुकट. आकाश बदला. चेहरा उजळा. एका क्लिकमध्ये डाग गायब. कामोठ्याच्या घरात मनस्वी फोटो दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअर निवडत होती. तिसऱ्यात तिने वारलेल्या वेणूआत्याचा बुरशी चढलेला एकमेव फोटो टाकला. बुरशी गेली. “बाबा, हेच घेऊया?” काशीराम चष्मा लावून वाकले. “ही कोण?” “आत्या.” “नाय. वेणूचा डावा डोळा तिरपा होता.” “त्याने आपोआप सरळ केलाय. छान दिसतेय की.” “त्याला कोणी सांगितलं? गावानं तिला जन्मभर चकणी म्हटलं, आता हा पण तिला सुधारणार?” मनस्वीने मूळ फोटो परत आणला, बुरशीसकट. “ही हाय माझी बहीण,” ते म्हणाले. “बाय, आपल्या हातानं फक्त बुरशी पुसता येईल, असं काय हाय का बघ.” हा फोटो काढताना स्टुडिओतल्या फोटोग्राफरने डोळा दिसू नये म्हणून वेणूला मान वळवायला सांगितलं होतं, ती कॅमेऱ्याकडेच बघत राहिली.