एका महिन्याची रजा

१९५५ च्या धनत्रयोदशीला सकाळी आठच्या सुमारास सेलू स्टेशनाहून आलेला टांगा वालूरच्या वेशीत थांबला आणि लिंबाजी खाली उतरला. सहा वर्षांपूर्वी घरच्यांनी दुधना नदीच्या काठी त्याला अग्नी दिला होता. प्रेत नव्हतं, म्हणून पिठाचा पुतळा केला होता.

अंगात कोट, हातात पत्र्याची ट्रंक. वेशीतल्या माणसांनी त्याला ओळखलं आणि दोघे उठून मागे सरकले. मुंजाजी न्हाव्यानं वाकून त्याचे बूट पाहिले.

"पाय तर सरळच हायत की रं," तो म्हणाला. "माणूसच हाय."

घरी आई चतुराबाई धावत आली ती उंबऱ्याशी थांबली. लेकाच्या तोंडावरून हात फिरवत रडली, पण आत ये म्हणाली नाही. बायको मनकर्णा मागे चुलीपाशी उभी होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. ती पुढे आली नाही. विधवेनं पुढे यायचं नसतं, आणि नवऱ्यानं बोलवावं तर तो अजून मेलेला होता.

धाकटा भाऊ सूर्यभान जोशीबुवांना आणायला गेला. तोवर लिंबाजीनं ओसरीतच बसून चहा घेतला आणि आईनं त्याला त्याच्या मरणाची हकीकत सांगितली. तो कामाला गेला होता त्या बहारीनला तेलाच्या कारखान्यात आग लागली, मोगलाईतली चार माणसं गेली, असं मुंबईहून आलेल्या कुणीतरी सांगितलं. रझाकारांची धामधूम नुकती सरली होती. चौकशी करणार कुणाकडे? आणि थोरला मेला की जिता हे ठरेना, म्हणून सूर्यभानला कुणी मुलगी देईना. शेवटी क्रिया उरकून घेतली.

"म्या दोन कागद टाकले होते," लिंबाजी म्हणाला.

"एकबी आला न्हाई, बाबा."

जोशीबुवांनी पोथी पाहून मार्ग काढला. अशा माणसाचा पुन्हा जन्म धरायचा. अंगाला तूप लावून अंघोळ, मग बारसं, मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. एरवी तुळशीच्या लग्नाआधी अंतरपाट धरत नाहीत, पण हे नवं लग्न नव्हे, असं ते म्हणाले. आज गोरज मुहूर्त बरा आहे. लग्न लागेपर्यंत लिंबाजीनं घरात झोपायचं नाही.

दुपारी बारसं झालं. अंगणात बायका मावेनात. मिशीवाल्या लेकाचं डोकं चतुराबाईनं मांडीवर घेतलं तेव्हा शेजारच्या नर्मदाबाई ओरडल्या, "बाळ लय थोराड हाय गं! पाळणा मोडंल!" लिंबाजीही हसला. नाव कोणतं ठेवायचं, असं जोशीबुवांनी विचारलं.

"हाय तेच ठेवा, बुवा. पासपोर्टावर तेच हाय."

"ते काय असतंय?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"तिकडं परत जायचा कागद."

हसणं थांबलं. आतल्या खोलीत जात्याचा आवाज चालू होता, तोही थांबला.

दिवस कलताना कासारीण कमलबाई टोपलं घेऊन आली. मनकर्णेला माजघरात बसवून तिनं समोर हिरव्या बांगड्या मांडल्या आणि तिच्या हाताला तेल चोळायला घेतलं. दारात चतुराबाई होती, तिच्या मागे लिंबाजी.

"कमलबाई, त्यायला इचारा," मनकर्णा खाली बघत म्हणाली, "किती दिसाची रजा हाय."

"म्हयन्याची," लिंबाजीनंच उत्तर दिलं.

"आन् मंग?"

"मंग जाणं हाय. तीन वर्साचा करार हाय. बायकामाणसं न्हेऊ देत न्हाईत."

"तीन वर्सं खबर न्हाई आली, तर ह्यायनी पुन्हा पीठ मळायचं का?"

"सणासुदीचं काय बोलायलीस गं!" चतुराबाई म्हणाली.

"मी कुठं काय बोलायले, आत्याबाई? केलं तुमी. नदीवर दगडानं चुडा फोडला तवा मनगटातून काचा निघाल्या. भावजींच्या लग्नात मागल्या खोलीत भाकरी थापल्या, हळदीला हात लावू दिला न्हाई. ते एकदा झालं. म्हयनाभर कुकू लावून पुन्हा पुसायला मला सांगू नका."

"आता दर म्हयन्याला कागद धाडीन," लिंबाजी म्हणाला. "देवाशपथ."

"दोन कागद टाकले म्हनं. मंगच्या सहा वर्सात तिकडं शाई न्हवती का?"

लिंबाजीनं टोपी काढली, पुन्हा घातली.

कमलबाईनं विषय मोडायला पाहिला. "हात लय राठ झालेत गं पोरी. सैल सोड. अशी ताठ राहिलीस तर माझ्या टोपलंभर बांगड्या फुटतील."

मनकर्णेनं हात ओढून घेतला नाही, पण मूठ आवळून धरली. कमलबाई तो चोळत राहिली. अंगणात सूर्यभाननं अंतरपाटासाठी धोतर काढलं. पाटापुढे रांगोळी झाली. जोशीबुवांनी दोनदा आत निरोप पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः दारापर्यंत आले आणि मुहूर्त टळतोय म्हणाले. चतुराबाईनं सुनेपुढे पदर पसरला. लिंबाजी ओसरीत ट्रंकेवर जाऊन बसला.

गावात दिवे लागले तेव्हा मनकर्णेचा हात कमलबाईच्या मांडीवर होता. तेल कोपरापर्यंत चोळून झालं होतं. मूठ उघडली नव्हती.