रविवारची कन्याकुमारी

चौथ्या दिवशीही अनंतरावांनी कमरेला पट्टा बांधला, चावी फिरवली आणि मोटारसायकल पार ओट्याला टेकेपर्यंत आडवी केली. मग सरळ करून बटण दाबलं. गाडी घर्र घर्र करत राहिली. पेटली नाही.

भानुमतीबाई खिडकीतून बघत होत्या. नवऱ्याचं हे आडवं करणं त्यांच्या जुन्या ओळखीचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी गारखेड्यात घरं कमी आणि स्कूटरी त्याहून कमी. तरी सकाळी आठला गल्लीतले पुरुष, पेट्रोल इंजिनात उतरावं म्हणून, आपापली स्कूटर आडवी धरून उभे असत, जशी काही तान्ही बाळं कुशीत घेतली आहेत. अनंतरावांच्या तशाच स्कूटरवरून दोघं वेरूळला गेली होती. जाताना दौलताबादच्या घाटात भानुमतीबाईंना उतरून चालावं लागलं होतं, आणि ते त्या अजून विसरल्या नव्हत्या.

ही गाडी मात्र स्कूटर नव्हती. तेरा वर्षं जुनी, लांब पल्ल्याची, पोट सुटलेल्या टाकीची. तिला कार्ब्युरेटर नाही; पेट्रोल मोजून आत सोडायला एक लहानसा संगणक. बजाजनगरच्या मिहिर नावाच्या मुलाकडून अनंतरावांनी ती घेतली, ती पुंडलिकराव आणि बद्रीनाथ या दोन मित्रांच्या नादानं. तिघंही सत्तरीच्या घरातले. रविवारी सकाळी सहाला तिघांनी तीन गाड्यांवर कन्याकुमारीला निघायचं ठरलं होतं.

घेतली त्या दिवशी अनंतराव वाळूजच्या रस्त्यानं, ट्रकांच्या मधून, ती स्वतः चालवत घरी आले. दोन तांबे पाणी प्याले आणि ओट्यावर बसून राहिले.

"कशी आहे?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"जबरदस्त आहे," ते म्हणाले. मग चष्मा लावून गाडीबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत बसले. फ्रीज आणला तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी रुसली.

बन्सी मेकॅनिक आला की ती पहिल्या बटणाला सुरू व्हायची. डॉक्टर दारात आला की ताप उतरावा तसं. तो गेला की पुन्हा तेच. बुधवारी अनंतराव भाजी आणायला गेलेले पाहून बन्सी भानुमतीबाईंना म्हणाला, "काकू, गाडीला कायबी झालं नाय. काका तिला आडवं करतेत ना, तेच नडतंय."

"म्हणजे?"

"आत एक सेन्सर ऱ्हातंय. गाडी आडवी झाली की त्याला वाटतं माणूस पडला. मग ते पेट्रोलच बंद करून टाकतं. नुस्ती सरळ उभी ठेवून बटण दाबलं तर लगेच पेटती."

"त्यांना सांगितलंस?"

"आले की सांगतो."

भानुमतीबाईंनी त्याच्यापुढं चहा ठेवला. शेजारी शंकरपाळ्यांची बशी. "नको सांगू. रविवार जाऊ दे."

बन्सीनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा बशीकडं. "बरं. मला तरी कुठं कळलंय अजून."

गुडघा धरतो म्हणून गच्चीवर न चढणारा माणूस चार राज्यं ओलांडणार, या विचारानंच त्यांचा जीव खालीवर होत होता. आता तो ठिकाणावर आला.

पण शुक्रवारपासून दुसरंच काहीतरी बोचू लागलं. अनंतराव पार कोमेजले होते. बन्सी दिसला की विचारायचे, "रविवारपर्यंत होईल का रे?"

"हुईल की काका. लई काळजी करू नका."

यावर त्यांचा चेहरा आणखीच उतरायचा. शनिवारी पानातलं पिठलं तसंच राहिलं.

"इतकं मनाला लावून घेऊ नका हो," भानुमतीबाई म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

भानुमतीबाईंना रडूच आलं. माणसानं सत्तरीत एक हौस केली आणि बायकोनं ती बशीभर शंकरपाळ्यांवर मोडली.

रविवारी सहाच्या ठोक्याला दोघं मित्र फाटकाशी गाड्या घेऊन हजर. पुंडलिकरावांच्या अंगात कातडी जाकीट, त्याची चेन पोटावर अडलेली.

"काय अनंतराव, येताय का वहिनींच्या पदराआड बसताय?"

"मी तर केव्हाचा तयार आहे," अनंतराव म्हणाले. "हिनं साथ दिली पाहिजे." त्यांनी पट्टा आवळला, चावी फिरवली आणि गाडी आडवी करायला पाय रोवले.

भानुमतीबाई हातावर दही घालायला वाटी घेऊन आल्या होत्या. ती ओट्यावर ठेवून त्यांनी हँडल धरलं.

"अहो, माझं चुकलं. बन्सीनं मला बुधवारीच सांगितलं होतं, मीच त्याला गप्प बसवलं. तुम्ही आडवी करता म्हणून ती पेटत नाही. सरळच ठेवा, चालू होईल. जाऊन या सुखानं."

अनंतरावांनी चमकून फाटकाकडं पाहिलं. मग गाडी तरीही ओट्याकडं झुकवत ते बायकोच्या कानाशी आले.

"ठाऊक आहे मला. हळू बोल, पुंडलिक ऐकेल."