चौथा खांदा

कॉर्नी सुग्रूची शवपेटी अंगणात दोन खुर्च्यांवर ठेवली होती आणि ती उचलायला सुग्रू आडनावाची तीनच माणसं होती. घरातून निघताना पहिला खांदा द्यायचा तो मयताच्याच आडनावाच्या चौघांनी. पुढे चौकात मग कुणीही यावं. आजवर या घरातलं एकही माणूस गाडीत घालून नेलेलं नव्हतं.

"वहिनी, तिकडे पाद्री ताटकळलेत," कॉर्नीचा धाकटा भाऊ पॅट्स म्हणाला. "चौथा फाटकापाशी उभा आहे. त्याला बोलव, नाहीतर मी गाडी जुंपतो. काय ते एकदा सांग."

हॅनाने फाटकाकडे पाहिलं नाही. तिथे कोण उभं आहे हे तिला सकाळपासून माहीत होतं. तिचा धाकटा मुलगा मर्ट. टोपी हातात, पावसात भिजून चिंब. मी जिवंत आहे तोवर या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, असं तिनेच त्याला दीड वर्षापूर्वी बजावलं होतं. जन्मात कधी आईचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं हेच.

"तो आत आला तर मी बाहेर," पॅट्सचा मुलगा फ्लरी म्हणाला. "जेरोमला ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांचीच वर्दी होती याच्या अंगावर."

"मर्ट तेव्हा दूर लिमरिकला होता," पॅट्स म्हणाला.

"वर्दी तीच ना, बाबा? का लिमरिकला दुसऱ्या रंगाची वाटत होते?"

हॅनाला हे सगळं पाठ झालं होतं. जेरोम आणि मर्ट, तिचे दोन्ही मुलगे, इंग्रजांशी लढायला एकत्रच गेले होते. दोघांत मिळून बंदूक एक. मग लंडनला तह झाला आणि अर्धंमुर्धं राज्य हाती आलं. थोरल्याने तह धुडकावून डोंगर गाठला, धाकट्याने नव्या सरकारची वर्दी चढवली. इंग्रज गेले, त्यांच्या लॉऱ्या मात्र आपल्याच पोरांना घेऊन दारात यायच्या थांबल्या नाहीत. झडती घेणारे आता तिला नावाने हाक मारत, एवढाच काय तो फरक. कोण बरोबर आणि कोण चूक, हे ठरवायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती थकली होती. कालपासून नवऱ्यासाठी धड रडायलाही तिला जमलं नव्हतं.

शाल डोक्यावर ओढून ती फाटकापर्यंत गेली.

"काही खाल्लंस?"

"नाही."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे, आई."

"जेरोमचं नाव काढायचं नाही. घरात यायचं नाही. बापाला खांदा द्यायचा आणि आल्या वाटेने चालू लागायचं."

मर्टने मान हलवली. हॅनाने फाटक उघडलं.

"मर्ट, तू पुढे, माझ्या जोडीला," फ्लरीने तोंड उघडायच्या आत पॅट्स घाईघाईने म्हणाला. "फ्लरी, तू आणि डॅन मागे." डॅन हा कॉर्नीचा चुलतभाऊ, सत्तरीला टेकलेला.

फ्लरीने सगळ्यांकडे एकदा जळजळीत पाहिलं, पण तो गेला नाही. चौघांनी पेटी उचलली. मर्ट आणि फ्लरी दोघेही ताडमाड, पॅट्स आणि डॅन दोघेही बुटके. पेटी एका अंगाला कलली आणि आत कॉर्नी सरकला. तो आवाज अंगणात सगळ्यांनी ऐकला. बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

"खाली ठेवा, खाली ठेवा!" डॅन ओरडला. "जिवंतपणी कधी एवढा हलला नव्हता हा!"

कुणाला तरी हसू आलं आणि त्याने ते गिळलं.

"उंचाला उंच लावा," हॅना म्हणाली. "एवढंही आता बायकांनी सांगायचं का?"

दोन्ही तरुण पुढे आले. पेटीखालून एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचा, तेव्हा कुठे जोडीचा तोल राहतो. मर्टने हात टाकला. फ्लरी नुसता ताठ उभा राहिला. त्याचा हात कोटाच्या खिशात होता. पेटी पुन्हा डुगडुगली.

"फ्लरी," हॅना म्हणाली. आवाज चढवायची ताकद तिच्यात नव्हती. "पडेल रे काका तुझा."

फ्लरीने दातओठ खात शिवी हासडली, खिशातून हात काढला आणि मर्टचा कोट खांद्यापाशी मुठीत धरला.

मागे कुणीतरी रिवाजाप्रमाणे रिकाम्या खुर्च्या उलट्या पाडल्या. मंडळी निघाली. वाट उताराची, चिखलाने निसरडी झालेली. मर्टचा पाय घसरला की फ्लरीची मूठ आवळायची, फ्लरी अडखळला की मर्टची. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. वळणावर हॅनाला ते बाजूने दिसले. ओल्या कोटात रुतलेली बोटं पांढरीफटक पडली होती.

शेजारची पेग तिच्या दंडाला धरून चालत होती. पेगचे डोळे भरून आले.

"मिटलं गं हॅना," ती म्हणाली. "कॉर्नीने जाता जाता तेवढं केलं बघ. कसं धरलंय एकमेकांना."

हॅनाने पुढे पाहिलं.

"मिटलंबिटलं काही नाही," ती म्हणाली. "जड आहे, म्हणून धरलंय."