आरशातली मूठ

लोकर दाबायच्या यंत्रात मर्लचा डावा हात सापडला, त्याला चार वर्षं झाली. हाड जुळलं, ठणका थांबला नाही. मेंढ्या कातरणारा नवरा चारचौघांत म्हणायचा, “आमच्या शेडमध्ये बोट तुटलं तरी माणूस चहाच्या सुट्टीपर्यंत कातरतो. हिला साधा कप उचलवत नाही.” डबो शहरातल्या दवाखान्यात उपचार करणाऱ्या बाईंनी दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करून तो हात त्यामागे लपवला. आरशात उजवा हात डावाच वाटू लागला. “मर्ल, तुमचा मेंदू अजून यंत्रातच अडकलाय. हात सुटलाय हे त्याला दाखवू. उजवी मूठ आवळा, आरशात बघा.” उजवीकडे बसलेला नवरा हसला. “मी तेच म्हणत होतो. दुखणं हातात नाही, डोक्यात आहे.” आरशातल्या हातामागे त्याचं हसरं थोबाड होतं. मर्लने मूठ आवळली. डाव्या हाताला पहिल्यांदाच कळ आली नाही. “छान, आता सोडा,” बाई म्हणाल्या. मर्लने सोडली नाही.