भेगेवरची काच

“पाणी थांबलंय,” भिंतीवर तळवा टेकवत मिस्त्री म्हणाला, “पण भेग झोपलीय की जागी आहे, ते आत्ताच सांगता यायचं नाही.”

तळघराच्या पायरीवर बसलेल्या बाबांनी नुसता हुंकार भरला. त्यांची लेक मागे उभी होती. दोन दिवस मिस्त्रीने भेगेच्या कडेने भोकं पाडली होती, त्यांत नळ्या बसवल्या होत्या आणि पंपाने आत रसायन दाबून भरलं होतं. आठ महिने पाझरणारी भिंत अखेर कोरडी झाली होती.

मिस्त्रीने भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या आणि त्यांच्यातलं अंतर टिपून ठेवलं. मग काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी चिकटवली आणि तिच्या कडेला काळ्या पेनाने तारीख घातली.

“भिंत हलली तर हिला केसाएवढी चीर जाईल. सहा आठवडे थांबा. काच शाबूत राहिली तर गिलावा करतो, विषय संपला. चीर गेली तर मात्र बाहेरून पाया उकरावा लागेल. चार-सहा महिने घर रिकामं.”

“मग बाबा, तुम्ही माझ्याकडे चला,” लेक म्हणाली. “आणि आलात की तिकडेच राहा.”

आई गेल्यापासून दोन वर्षं ती हेच म्हणत होती आणि बाबा दरवेळी उडवून लावत होते. आज त्यांनी उठून काचेच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

“काच फुटली तर येईन, कायमचा. नाही फुटली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल, ठके?”

“कबूल.”

बाबांचा शब्द म्हणजे शब्द. दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. ते दिसले की अख्खा बाजार सरळ व्हायचा. पारड्याला कुणी अंगठा लावलेला त्यांनी कधी खपवून घेतला नाही.

दुसऱ्या भिंतीसाठी लागतील म्हणून मिस्त्रीने जास्तीच्या पट्ट्या आणि चिकटवायची ट्यूब फळीवर ठेवली आणि तो गेला.

लेक दर रविवारी यायची. दुसऱ्या रविवारी ती तळघरात उतरली, तर काचेचे तुकडे फरशीवर पडले होते. आधी तिला आनंदच झाला. तिच्या घरातली मागची खोली तिने कधीपासून बाबांसाठी मोकळी ठेवली होती. पडदेसुद्धा शिवून घेतले होते.

तेवढ्यात वर बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खिडकीपाशी, नेहमीच्या जागी. चाळीस वर्षं त्याच खिडकीत बसलेल्या माणसाला एका भेगेपायी उपटून न्यायचं? तिचं मन धजेना. बाबा शब्दाला जागून मुकाट्याने येतील आणि तिकडे झुरत बसतील. त्यापेक्षा थोडं पाणी झिरपलेलं परवडलं, ती स्वतः येऊन पुसून घेईल.

तिने तुकडे गोळा करून पर्समध्ये टाकले. नवी पट्टी चिकटवली आणि मिस्त्रीच्या वळणात जुनी तारीख घातली. वजनकाटेवाल्याच्या लेकीने पारड्याला अंगठा लावला होता.

“काय म्हणते काच?” बाबांनी विचारलं.

“आहे तशी आहे.”

ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. “बरं,” म्हणाले आणि त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल, असं तिला वाटलं.

चौथ्या रविवारी काच पुन्हा फुटलेली. तिने पुन्हा बदलली. वर आल्यावर पाहिलं तर अंगणातल्या कुंड्या नव्हत्या.

“शेजारी देऊन टाकल्या. पाणी घालायला वाकवत नाही,” बाबा म्हणाले. मग जरा थांबून, “तुझ्या त्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं का गं?”

“येतं. का हो?”

“सहज.”

म्हातारा मनातून धास्तावलाय, असं समजून तिने चटकन विषय बदलला.

पाचव्या रविवारी तळघरातली हातोडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती. “खिळा ठोकायचा होता,” बाबांनी न विचारताच सांगितलं. खाली पुन्हा तुकडेच. शेवटची पट्टी लावून ती वर आली.

“काच ठीक आहे, बाबा.”

“तू म्हणतेस म्हणजे असेल.”

त्या दिवशी परतताना बसमध्ये तिला रडू आवरेना. मागची खोली आता रिकामीच राहणार होती. पण बाबा त्यांच्या घरात सुखाने राहतील, एवढं समाधान होतं.

सहा आठवडे भरल्यावर मिस्त्री आला. काचेवरची तारीख त्याच्या हातची नाही हे त्याला कळेल या भीतीने लेक त्याच्या मागोमाग तळघरात उतरली. पण त्याने काचेकडे ओझरतं पाहिलं आणि पट्टी काढून फुल्यांमधलं अंतर मोजलं.

“भिंत सूतभरही हललेली नाही.”

“अजिबात नाही?”

“ताई, ही भिंत काच काय, अंड्याचं टरफलसुद्धा फोडायची नाही.”

काढलेली पट्टी तिच्या हातात देऊन तो सिमेंट आणायला वर गेला. ती तिथेच उभी राहिली. भिंत हलली नव्हती, तर मग तीनदा झालं तरी काय?

छताजवळच्या झरोक्यातून अंगणातला उजेड आत येत होता. तिथे आधी बाबांच्या चपला दिसल्या, मग मिस्त्रीचे बूट येऊन थांबले.

“काका, काच शाबूत! आता राहा निवांत.”

“कसलं निवांत? तीनदा हातोडीने फोडली मी ती,” बाबांचा आवाज आला. “तीनदा तिने नवी आणून लावली. पोरीलाच मी तिकडे नको असेन, तर म्हाताऱ्याने आणखी काय फोडायचं?”