दर रविवारची चूक

दर रविवारी दुपारी ती वही घेऊन सरांच्या खाटेशेजारी बसायची. आपण जेवलो की नाही हे सरांना आठवायचं नाही, पण लाल पेन हातात आलं की एकही चूक नजरेतून सुटायची नाही. ‘लुक’ला ‘आफ्टर’ जोडलं की सांभाळणं आणि ‘फॉर’ जोडलं की शोधणं, हे त्यांनी तिला शंभरदा तरी समजावलं असेल. तरी ती दर वेळी दोन्हींची अदलाबदल करायची.

एकदाच तिनं पाचही वाक्यं बरोबर लिहिली होती, तर “शाब्बास, जा आता घरी,” म्हणत सरांनी पाच मिनिटांत वही मिटली होती. तेव्हापासून कॉलेजात इंग्रजी शिकवणारी ही बाई घरूनच चुका करून आणायची.

आज मात्र सर वैतागले. “तुझ्यापुढे डोकेफोड करण्यात अर्थ नाही. पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन ये. मला बोलायचंय त्यांच्याशी.”


“मलाही, सर,” ती म्हणाली, आणि ओठांवर आलेलं ‘बाबा’ तिनं नेहमीसारखं गिळून टाकलं.