पहिल्या टोळाचा मान

पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा आत ‘सेनेने’ टोळ वळवळत होते. हंगामाचे पहिले. बुकोबात हे हिरवे टोळ उतरले की सगळ्या पुरुषांना अचानक घराची ओढ लागते. मामंजी, म्हणजे म्हातारे बितेगेको, सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

पण सून कोकूगोंझानं पहिला टोळ उचलला तो कढईसाठी नव्हे. खिडकीतल्या कॉफीच्या फांदीवर तिची पाळलेली घोयरी बसली होती. जात सरड्याची, दिमाख राणीचा. गेल्या आठवड्यात कोकूगोंझानं तिला आख्खा नाकतोडा दिला होता, तंगड्यांसकट. काटे तोंडात रुतले आणि घोयरीनं अन्नच सोडलं. आता कातडं सैल पडलं होतं, डोळे आत गेले होते.

"आज नाही खाल्लंस तर संपलीस गं बाई," कोकूगोंझा पुटपुटली.

पंख, मिशा, सगळे पाय काढून तिनं टोळ सोलला, सासूबाईंनी शिकवलं होतं तसा, आणि पानावर ठेवला. घोयरीनं एक डोळा फिरवला आणि माघारी नेला. हलत नाही ते तिच्या लेखी अन्न नाही.

"सोललेला शेंगदाणा वाढलायस तिला," सासूबाई दारातून म्हणाल्या. घोयरी अपशकुनी, म्हणून त्या एरवी खिडकीकडे फिरकत नसत. "सरक. ही सवय नवऱ्यांची. त्यांना ताटातलं हललेलं चालत नाही."

त्यांनी बारकासा टोळ निवडला, घोयरीच्या दोन डोळ्यांच्या मधे मावेल एवढाच. पंख काढले. काटेरी तंगड्या मोडल्या. चावरा जबडा नखानं खुडला. पुढचे चार पाय राहू दिले. टोळ पानावर चालू लागला.

घोयरीचा एक डोळा वळला. मग दुसरा.

जीभ सुटली. सप्प!

"गिळला! आई, गिळला!"

"काय गिळला?" मामंजी अंगणातून गरजले. "पहिला टोळ घरच्या कर्त्याचा! बाईच्या जातीनं टोळ खाल्ला तर पोरं टोकदार डोक्याची निपजतात, ठाऊक नाही?"

"या घोयरीचं डोकं आधीच टोकदार आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणखी काय बिघडायचंय?"

कढई तडतडली तेव्हाही सासूबाईंचा चेहरा तसाच गंभीर होता. जन्मभर त्यांनी पोतीच्या पोती सोलली होती, चव मात्र ठाऊक नव्हती. त्यांनी कढईतला एक उचलला, फुंकला, तोंडात टाकला. कुर्रम.

"अगं ए! काय चाललंय आत?"

"मीठ बघतेय."

मग दुसरा टोळ त्यांनी सुनेपुढे धरला. "माझी पोरं होऊन गेली. तुझी व्हायचीत अजून. तुझं तू बघ बाई."

कोकूगोंझानं फांदीकडे एकदा पाहिलं आणि चांगली लांब जीभ बाहेर काढली.